‘येस’ दाबा

मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसातल्या बहुतेक मॉनिटर्सच्या खालच्या कडेला एक पट्टी चिकटवलेली होती. लॅमिनेट केलेली, दोन्ही बाजूंनी सेलोटेप मारलेली. तिच्यावर लिहिलं होतं : ‘सर्टिफिकेट एरर आल्यास येस दाबा.’

ही पट्टी माझ्या आधीच्या आयटीवाल्याने लावली होती. तो सोडून गेला, पट्टी राहिली. कंपनी भोसरीतली, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी, दोन-अडीचशे माणसांची. साल २०१६. आपले मेल आपल्याच इमारतीत असावेत असा मालकांचा आग्रह होता, त्यामुळे पूर्वी स्टेशनरी ठेवायच्या त्या खोलीत एसी बसवून मेल सर्व्हर ठेवलेला. सकाळी साडेनऊला सगळे जण आउटलुक उघडायचे आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर तीच पिवळ्या त्रिकोणाची चौकट यायची. चहाचा कप डाव्या हातात, उजव्या हाताने क्लिक. येस. थोड्या वेळाने परत चौकट, परत येस. कुणी तिच्याकडे बघतही नसे. गाडी सुरू करताना सीटबेल्टचा आवाज यावा आणि आपण गाणं मोठं करावं, तसं.

एकच जागा अशी होती जिथे पट्टी नव्हती. अकाउंट्समधल्या मॅडमनी ती काढून ड्रॉवरमध्ये टाकली होती. त्या रोज ‘नो’ दाबायच्या. ‘नो’ दाबलं की मेल धड चालायचा नाही, मग माझ्या एक्स्टेंशनवर फोन यायचा. “अरे, ते परत आलंय.”

“मॅडम, सध्या येस करा ना. मी बघतो.”

“तू आधी बघ. मग मी येस करते.”

पहिले आठ-दहा दिवस मला हा हट्ट वाटला. मग एकदा त्यांच्या टेबलाशी उभं राहून मी ती चौकट त्यांच्यासोबत वाचली. त्यात तीन ओळी असतात. पहिली सांगते की हे सर्टिफिकेट विश्वासू संस्थेने दिलेलं आहे की नाही. दुसरी सांगते, तारीख चालू आहे की उलटून गेली. तिसरी सांगते, सर्टिफिकेटवरचं नाव आणि तुम्ही जिथे निघालात तिथलं नाव जुळतंय का. आमच्याकडे पहिल्या दोन ओळींपुढे हिरवी टिक होती आणि तिसरीपुढे फुली.

मॅडम म्हणाल्या, “हे चेकसारखं आहे की. सही, तारीख, नाव. नावात गडबड असेल तर मी चेक पुढे पाठवत नाही. मग हे कसं पाठवू?”

बावीस वर्षं चेक लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या बाईंनी जे एका वाक्यात सांगितलं, ते मला कोर्सच्या जाडजूड पीडीएफमध्ये इतकं स्वच्छ सापडलं नव्हतं.

*

सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय, हे मोबाइल वापरणाऱ्या बहुतेकांना कधी सांगावंच लागत नाही, कारण नव्याण्णव वेळा ते गुपचूप काम करतं. तुमचा फोन आणि सर्व्हर यांना एकमेकांशी कुलूपबंद बोलायचं असतं. कुलूप लावणं हा त्यातला तुलनेने सोपा भाग. अवघड प्रश्न वेगळाच : समोर आहे तो सर्व्हर खरंच आपलाच, की मध्येच कुणी त्याचं नाव सांगून बसलंय? भामट्याशीही कुलूपबंद बोलता येतं. बोलणं बाहेर फुटणार नाही, फक्त ते भामट्यालाच ऐकू जाईल.

यावरचा तोडगा १९७८ साली एमआयटीमधल्या लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात मांडला. ज्याच्यावर दोघांचाही विश्वास आहे अशा तिसऱ्याने सही करून सांगावं की ही किल्ली या नावाची आहे. तो सही केलेला कागद म्हणजे सर्टिफिकेट. आपल्याकडे गॅझेटेड अधिकाऱ्याकडून मार्कशीटची ट्रू कॉपी करून घ्यायचे, त्याचाच हा भाऊ. फरक एवढाच, की इथे शिक्का खोटा बनवणं फार कठीण आहे.

आणि चेकसारखंच, हा कागद तीन ठिकाणी अडू शकतो. पुढच्या काही आठवड्यांत आमच्या ऑफिसात तिन्ही प्रकार सापडले.

*

तारखेचं प्रकरण सगळ्यात सोपं निघालं. स्टोअरमध्ये एक जुना पीसी होता. नेटवर्कवरच्या बाकी मशीनशी त्याचा फार संबंध नव्हता, तिथला माणूस त्यावर आवक-जावक लिहायचा आणि मेल बघायचा. त्याच्या चौकटीत फुली तारखेपुढे होती. सर्टिफिकेट तर चालू होतं. मग मी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बघितलं. घड्याळात साल होतं २००९.

मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती संपली होती आणि स्टोअरचा मेन स्विच रोज रात्री बंद व्हायचा. त्यामुळे तो पीसी रोज सकाळी २००९मध्ये जागा व्हायचा, आणि त्याच्या दृष्टीने आमचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचं होतं. पुढच्या तारखेचा चेक. बँक तो घेणार कसा? कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून बॅटरी आणली आणि प्रश्न मिटला.

सहीचं प्रकरण जास्त चकवणारं होतं. सेल्सच्या मुलांची तक्रार : “सर, लॅपटॉपवर काही नाही, पण मोबाइलवर म्हणतं की सर्टिफिकेट विश्वासू नाही.” तोच सर्व्हर, तेच सर्टिफिकेट, मग दोन उत्तरं कशी?

होतं असं, की सही देणाऱ्या मोठ्या संस्था तुमच्या सर्टिफिकेटवर थेट सही करत नाहीत. मूळ संस्थेची किल्ली तिजोरीत बंद असते. ती एका मधल्या अधिकाऱ्याला अधिकार देते आणि तो मधला आपल्या सर्टिफिकेटवर सही करतो. तुमच्या फोनला फक्त मूळ संस्था माहीत असते. त्यामुळे सर्व्हरने आपल्या कागदासोबत त्या मधल्याचाही कागद पुढे करायचा असतो. आमचा सर्व्हर तो देत नव्हता.

विंडोज अशा वेळी मनमिळाऊ कारकुनासारखं वागतं. कागद अपुरा असेल, तर तो कुठे मिळेल याचा पत्ता सर्टिफिकेटमध्येच लिहिलेला असतो. विंडोज स्वतः जाऊन तो घेऊन येतं आणि तुम्हाला कळूही देत नाही. अँड्रॉइडचा फोन खिडकीवरूनच सांगतो : कागद अपुरे आहेत, पूर्ण करून आणा. दोघांपैकी चूक कुणीच नाही. पण विंडोजच्या चांगुलपणामुळे दोष झाकला जातो. म्हणूनच आयटीवाला स्वतःच्या लॅपटॉपवर तपासतो, सगळं हिरवं बघतो आणि वापरणाऱ्यालाच खोटं ठरवतो.

ओपनएसएसएल नावाचं एक फुकट हत्यार आहे. त्याच्या एस-क्लायंट या कमांडला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट दिला, की सर्व्हर कोणकोणते कागद पुढे करतो ते ओळीने छापून येतं. वेबचा पोर्ट ४४३, आयमॅपचा ९९३. आमच्या साखळीत फक्त ० क्रमांकाची कडी होती. १ नव्हतीच. मधल्या संस्थेचं सर्टिफिकेट त्यांच्या साइटवरून उतरवून सर्व्हरवर योग्य जागी बसवलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि सेल्सची मुलं गप्प झाली. त्या खात्यात हे क्वचितच घडतं.

*

उरलं ते नावाचं प्रकरण. रोज सकाळी दोनशे लोकांना येस दाबायला लावणारं.

आपल्या मेलचं सर्टिफिकेट ‘मेल डॉट कंपनी डॉट कॉम’ अशा बाहेरच्या नावाने असतं. पण ऑफिसच्या आत असलेलं आउटलुक उघडल्यावर आधी आतल्या डिरेक्टरीला विचारतं, की मेल सर्व्हर कुठे आहे? या विचारपूसीला ऑटोडिस्कव्हर म्हणतात. डिरेक्टरी सांगायची, ‘सर्व्हर-एक डॉट कंपनी डॉट लोकल’कडे जा. आउटलुक तिथे जायचं, तर समोरचा कागद ‘मेल डॉट कंपनी डॉट कॉम’ या नावाचा. नाव वेगळं. फुली.

मग आधी हे चालत कसं होतं? पूर्वी सर्टिफिकेटमध्ये ‘डॉट लोकल’वालं आतलं नावही घालून मिळायचं. पण ‘लोकल’ हे नाव जगात कुणाच्याच मालकीचं नाही. त्याच नावाचा सर्व्हर हजार कंपन्यांत असू शकतो. अशा नावाने सर्टिफिकेट देणं म्हणजे नुसतं ‘साहेब’ असं लिहून चेक काढण्यासारखं. ज्याला लोक साहेब म्हणतात असा कुणीही तो वटवू शकेल. म्हणून सही देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मंडळाने, सीए-ब्राउझर फोरमने, नियम केला : १ नोव्हेंबर २०१५नंतर अशी आतली नावं सर्टिफिकेटात मिळणार नाहीत. आमचं सर्टिफिकेट त्यानंतर नूतनीकरण झालेलं होतं. आतलं नाव गळालं, आणि दुसऱ्या दिवसापासून चौकट सुरू झाली. पट्टीचा जन्म तिथला.

दुरुस्ती अवघड नव्हती, फक्त जपून करायची होती. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आतला पत्ता जिथे जिथे ‘लोकल’ होता तिथे तिथे बाहेरचंच नाव घातलं. आणि ऑफिसच्या डीएनएसला सांगितलं, की आतून कुणी या नावाने विचारलं तर त्याला इंटरनेटवर हिंडवू नको, आतलाच पत्ता दे. दोन शनिवार गेले. एक सेटिंग बदलायचं, आउटलुक बंद करून उघडायचं, चौकट येते का बघायचं, पुढचं सेटिंग.

सोमवारी साडेनऊला कुणालाच काही आलं नाही. लोकांच्या ते लक्षातही आलं नाही. एक जण मात्र म्हणाला, “आज काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय.” साडेदहाला मॅडमचा फोन आला. “आज नाही आलं.” आणि फोन ठेवला.

*

चौकट गेली, पण पट्टी होती. मला खरी भीती पट्टीचीच वाटत होती.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या कॉरमॅक हर्ली यांनी २००९मध्ये एक निबंध लिहिला. लोक सुरक्षेचे सल्ले धुडकावतात ते मूर्ख असतात म्हणून नव्हे, तर त्यात त्यांचा हिशेब असतो, असं त्यांचं म्हणणं. सर्टिफिकेटचे जवळपास सगळेच इशारे खोटी हाकाटी असतात. कुठेतरी तारीख उलटलेली असते, कुठे नाव चुकलेलं. रोज खोटा भोंगा वाजवणाऱ्या कारखान्यात खऱ्या आगीच्या दिवशी कोण पळणार? आमच्या ऑफिसातले लोक बेफिकीर नव्हते. सलग कित्येक महिने ‘येस’ दाबून त्यांचं एकदाही नुकसान झालं नव्हतं. त्यांना अनुभवाने शिकवलं होतं, की या चौकटीला अर्थ नसतो.

माणसांचं सोडा, मेल सर्व्हरही हेच करतात. तुमचा मेल आमच्या सर्व्हरकडून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे पोर्ट २५वरून जातो, तेव्हा समोरच्याचं सर्टिफिकेट जुनं असो वा भलत्याच नावाचं, बहुतेक सर्व्हर ते मुकाट्याने घेतात. मेल अडण्यापेक्षा पोचलेला बरा, असा त्यामागचा विचार. आपण झोपलेले असताना यंत्रंही एकमेकांना येस दाबत असतात. काटेकोर तपासणीची सोय आहे, पण ती कुणीतरी मुद्दाम चालू करावी लागते.

आणि खरी आग लागते तेव्हा काय होतं? २०११च्या जुलैमध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीत हॅकर शिरले आणि त्यांनी पाचशेहून जास्त खोटी सर्टिफिकेटं बनवून घेतली. त्यातलं एक गूगलच्या नावाचं होतं. ते पुढे करून कुणीतरी इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांच्या आणि गूगलच्या मध्ये बसलं. नंतरच्या तपासात सुमारे ३ लाख आयपी पत्ते निघाले, बहुतेक इराणमधले. त्यांच्या स्क्रीनवर कसलीही चौकट आली नाही, कारण सही खऱ्या संस्थेची होती. फक्त क्रोममध्ये गूगलने आपल्या साइट्ससाठी कुणाच्या सह्या चालतील याची यादी आधीच घालून ठेवली होती. ऑगस्टच्या अखेरीस एका इराणी वापरकर्त्याला क्रोमने इशारा दिला आणि त्याने जाहीरपणे विचारलं, की हे काय आहे? प्रकरण तिथून फुटलं. सप्टेंबरमध्ये डिजिनोटार दिवाळखोरीत निघाली.

आपल्याकडेही २०१४च्या जुलैमध्ये असंच काहीसं झालं. भारत सरकारच्या एनआयसीच्या सर्टिफिकेट विभागातून गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गूगलला आढळलं. विंडोज त्या सह्यांवर विश्वास ठेवत होतं. त्या विभागाचे अधिकार मग रद्द करण्यात आले.

एका माणसाने चौकटीकडे बघून ‘हे काय?’ असं विचारलं, याची किंमत किती असते ते इराणमध्ये दिसलं. आमच्या पट्टीने तो प्रश्नच बंद करून टाकला होता.

एका संध्याकाळी मी थिनर आणि जुनं फडकं घेऊन सगळ्या मॉनिटर्सवरच्या पट्ट्या काढल्या. नवीन मजकूर मॅडमना विचारून केला : ‘चौकट आली तर थांबा. नाव वाचा. आयटीला फोन करा.’ लॅमिनेशनचा खर्च अकाउंट्सने एका दिवसात मंजूर केला.

*

पुढच्या वर्षी सेल्समधल्या एका साहेबांचा रात्री दहाला फोन आला. कोइमतूरच्या हॉटेलात होते. “अरे, ती तुझी चौकट इथे आलीये.” मी म्हटलं, “‘व्ह्यू सर्टिफिकेट’ दाबा आणि नाव वाचून दाखवा.” त्यांनी वाचलं. नाव आमच्या कंपनीचं नव्हतंच. हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान मध्ये आडवं आलं होतं. निरुपद्रवी. त्यांना मोबाइलचा हॉटस्पॉट लावायला सांगितला, काम झालं. पण तेच नाव वायफायवर टपून बसलेल्या कुणाचं असतं, तर स्क्रीनवर हुबेहूब हीच चौकट आली असती. वर्षभरापूर्वी त्यांनी येस दाबलं असतं, आणि मेलचा पासवर्ड परस्पर गेला असता.

पासवर्ड गेला की पुढे काय होतं, ते काही महिन्यांनी कळलं. आमच्या एका पुरवठादाराकडून अकाउंट्सला मेल आला : आमचं बँक खातं बदललं आहे, थकलेले अकरा लाख चाळीस हजार नव्या खात्यावर पाठवा. खाली आमचाच आधीचा सगळा पत्रव्यवहार जोडलेला. भाषा तीच, बिलाचा क्रमांक बरोबर. म्हणजे त्यांची मेलपेटी कुणीतरी बसून वाचली होती.

या मेलमध्ये कसलीही चौकट नव्हती. हे समजून घ्यायला हवं. सर्टिफिकेट फक्त नाव खरं आहे एवढंच सांगतं, माणूस खरा आहे असं नाही. फसवणाऱ्याने पुरवठादाराच्या नावासारखंच दिसणारं दुसरं नाव रीतसर विकत घेतलं होतं. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी. अशा नावालाही अस्सल सर्टिफिकेट मिळतं, हिरव्या टिकसकट.

मॅडमनी मला फोन केला. “अरे, याच्या नावात एक अक्षर जास्त आहे का बघ. मला डोळ्यांना बोचतंय.” मग त्यांनी पुरवठादाराला त्याच्या जुन्या नंबरवर फोन लावला. त्याने खातं बदललेलंच नव्हतं. पैसे वाचले. पुरवठादाराची रात्रीची झोप मात्र गेली, कारण तसाच मेल त्याच्या आणखी किती गिऱ्हाइकांना गेला असेल?

हे कोणत्याही सॉफ्टवेअरने पकडलं नाही. नाव वाचायची सवय असलेल्या माणसाने पकडलं.

*

आता सर्टिफिकेटांचं आयुष्य झपाट्याने कमी होतंय. पूर्वी ती काही वर्षं चालायची. २०२०च्या सप्टेंबरपासून जास्तीत जास्त ३९८ दिवस. १५ मार्च २०२६पासून २००, २०२७च्या मार्चपासून १००, आणि १५ मार्च २०२९पासून ४७ दिवस. २०१५च्या अखेरीस सर्वांसाठी खुली झालेली लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था सुरुवातीपासून फुकट सर्टिफिकेटं देते, आणि सुरुवातीला ती ९० दिवसांचीच असायची. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “चेकपण पूर्वी सहा महिने चालायचा. २०१२पासून तीनच.” कागद जितका जुना, तितकी तो चुकीच्या हातात असण्याची शक्यता जास्त. बँकेचं आणि इंटरनेटचं यावर एकमत झालेलं दिसतं.

दर ४७ दिवसांनी हाताने सर्टिफिकेट बदलणं कुणाला परवडणार नाही. ते काम स्क्रिप्ट करेल, आमच्याकडे करतेच. तारीख उलटल्याच्या चौकटी त्यामुळे कमी होतील. आणि चौकट क्वचित यायला लागली, तर ती आली की खरंच काहीतरी बिघडलेलं असेल, याची शक्यता वाढेल.

तुमच्या फोनवर ती आली, तर तीन ओळी वाचायला दहा सेकंद लागतात. फुली तारखेपुढे असेल तर आधी फोनचं घड्याळ बघा. सहीपुढे किंवा नावापुढे असेल तर पासवर्ड घालू नका, आधी नेटवर्क बदलून बघा. तरीही आली, तर ज्याचा सर्व्हर आहे त्याला फोन करा. तो वैतागेल. वैतागू दे, तेच त्याचं काम आहे.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी नुकताच बी.कॉम. झालेला एक मुलगा आला आहे. दुसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन आला. थोडा घाबरलेला आवाज.

“सर, एक चौकट आलीये. मी काही दाबलेलं नाही.”

मी म्हटलं, “नाव वाच.”